बारा हजार तीनशे किलोमीटर

॥ श्री ॥

हिरावाडी, पंचवटी, नाशिक
९ जून २०२५

चि. सौ. यशश्री हिला नानाचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

परवा तू व्हिडिओवर वीस मिनिटं बोललीस. त्यातलं मला सुरुवातीचं 'नाना' आणि शेवटचं 'ठेवते' एवढंच ऐकू आलं. एकतीस वर्षं एसटीच्या इंजिनाशेजारी बसून डावा कान गेला तो गेलाच, आता उजवाही त्याच्या मागून निघालाय. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. तेव्हा जावईबापूंनी शिकवलं तेच बरं. मी कागदावर लिहून फोटो पाठवतो, तूही तसंच पाठव. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला मोठ्या कागदावर काढून देतो. आधी तो स्वतः वाचतो आणि मग माझ्या हातात देतो, म्हणून नवरा-बायकोची भांडणं लिहू नकोस.

इकडची तयारी सांगतो. बाळाला न्हाऊमाखू घालायला आणि तुला तेल लावायला भागुबाई ठरवली आहे. शेजारच्यांची तिन्ही बाळंतपणं तिनंच केली. मागची खोली पांढरी करून घेतली. तुझी आई तुझ्या लग्नाच्या वर्षीच एक लहान गोधडी शिवून ठेवली होती, ती पेटीतून काढून दोन दिवस उन्हात घातली. आई जाऊन येत्या आषाढात दोन वर्षं होतील. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे ती शेवटपर्यंत म्हणत होती. माहेर म्हणजे आता मी एकटा म्हातारा, पण आहे.

काळजी प्रवासाची आहे. तुझं वीस ऑगस्टचं तिकीट मी चारदा वाचलं. ऑकलंडहून सकाळी अकराला सुटतं, सिंगापूरला दोन तास थांबतं आणि मुंबईला रात्री साडेदहाला लागतं. म्हणजे साडेअकरा तास. जानेवारीतलं परतीचं पाहिलं तर तोच रस्ता पावणेपंचवीस तासांचा. असं कसं, यावर पुष्कळ विचार केला. कसारा घाट चढायला लागतो तेवढा वेळ उतरायला लागत नाही, तसं काही असेल. पण नकाशात तुमचा देश खाली आहे, म्हणजे चढ येताना हवा. शेवटी वारा पाठीमागून असेल असं धरून चाललोय. जाताना बाळ मोठं झालेलं असेल, तेव्हा वेळ लागला तर लागू दे. येताना साडेअकरा तास आहेत म्हणून मी हो म्हणतोय. साडेअकरा तास बाईमाणूस बसू शकतं. एवढं एकदा नक्की कळव.

भागुबाईनं विचारलं की कितवा चालू असेल. मी बोटं मोजली. वीस ऑगस्टला आठवा लागून बारा दिवस झालेले असतील. ती म्हणाली की सातव्यात आण, नाहीतर नवव्यात आण, आठव्यात पोटुशीला वेस ओलांडू देत नाहीत. मी तिला म्हणालो की विमानाला वेस नसते. म्हणालो खरा, पण तेव्हापासून जेवण जात नाही.

कळावे. जीव इकडे लागला आहे, तो तिकडे सांभाळून ठेव.

तुझा,
नाना

---

ऑकलंड
१४ जून २०२५

ती. नानांना यशश्रीचा वाकून नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर अजून लॉगशीट भरल्यासारखंच आहे, प्रत्येक ओळीत एक आकडा. झेरॉक्सवाल्या काकांनाही माझा नमस्कार, वाचत असतीलच.

तुम्ही मला तास विचारताय याचं हसू आलं. जन्मभर तुम्ही आम्हाला कधी वेळ सांगितली नाहीत. सकाळी निघताना आई विचारायची की किती वाजता याल, तर तुम्ही म्हणायचात की पेठ पंचावन्न किलोमीटर आहे. आई म्हणायची की किलोमीटरवर भात शिजत नाही. माझ्या लग्नात देवव्रतच्या वडिलांनी विचारलं की चांदवडहून वऱ्हाड किती वेळात येईल, तेव्हाही तुम्ही चौसष्ट किलोमीटर म्हणून मोकळे झालात आणि ते बिचारे पाहत राहिले. तर आता मीही किलोमीटरच सांगते. देवव्रतनं मोजून दिलेत. इथून सिंगापूर आठ हजार चारशे, तिथून मुंबई तीन हजार नऊशे, सगळे मिळून बारा हजार तीनशे. आणि तिकिटावर जे छापलंय ते बरोबरच आहे. अकराला निघते, साडेदहाला उतरते.

इथे महिने मोजत नाहीत, आठवडे मोजतात. विमानवाले बत्तिसाव्या आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी पाहून घेतात, म्हणजे भागुबाईंना सांगा की वेस ओलांडायला परवानगी आहे. मी ज्या दुधाच्या प्रयोगशाळेत काम करते तिथली माझी रजा पंधरा ऑगस्टनंतरच सुरू होते, म्हणून सातव्यात येता येत नाही.

तुम्ही लिहिलंत की माहेर म्हणजे एकटा म्हातारा. नाना, आई गेली तेव्हा माझं सिंगापूरचं विमान चुकलं आणि मी तिसऱ्या दिवशी घरी पोचले. तुम्ही दारात उभे होतात. म्हणालात की आलीस, हातपाय धू. घरात सगळं आवरलेलं होतं. मी येण्याआधीच आई संपूर्ण गेलेली होती. इथे बाळ झालं की दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात, देवव्रतला दोन आठवडे रजा, आणि मग मी आणि चार भिंती. मला आपल्या स्वयंपाकघरात खाली पाट टाकून बसायचंय आणि डोक्याला तेल लावून घ्यायचंय. एवढ्यासाठी मी येणारच आहे. त्यात आता तुम्ही काही काढू नका.

जेवत जा. तुम्ही जेवलात की इथे मलाही घास जातो.

तुमची,
यशश्री

---

॥ श्री ॥

नाशिक
४ जुलै २०२५

चि. सौ. यशश्रीला आशीर्वाद.

झुंबर तुला आठवत असेल, अकरा वर्षं माझ्या गाडीवर कंडक्टर होता. रविवारी चहाला आला, तेव्हा त्याला तुझं तिकीट दाखवलं. कंडक्टरच तो, त्यानं लगेच उलट्या पाकिटावर भागाकार मांडला. साडेअकरातून सिंगापूरचे दोन तास वजा, राहिले साडेनऊ. बारा हजार तीनशेला साडेनऊनं भागलं तर ताशी बाराशे पंच्याण्णव किलोमीटर येतात. मी म्हणालो की जावईबापू तर विमान ताशी आठशे-नऊशेनं जातं म्हणाले होते. झुंबर म्हणाला की मग एकतर तिकीट खोटं बोलतंय, नाहीतर जावई, आणि तू दोघांनाही घरात घेऊन बसलायस.

मग त्यानं मला विचारलं की पोरगी फोन करते तेव्हा तिच्याकडे किती वाजलेले असतात. त्याचा पुतण्या दुबईला आहे, त्याच्याकडे दीड तास मागे असतात. तू रात्रीचं जेवण वाढता वाढता फोन करतेस तेव्हा माझा दुपारचा डोळा लागलेला असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षं पाहतोय. पण ते तिकिटाला जोडावं हे डोक्यात आलं नाही. एकतीस वर्षं मी ज्या तिकिटावर गाडी चालवली त्यावरची वेळ नाशिकची ती नाशिकची आणि पेठची तीही नाशिकचीच. सुटायची वेळ पोचायच्या वेळेतून वजा केली की रस्ता कळतो. सातवी शिकलेल्या माणसाला एवढंच येतं.

साडेसहा तास तुमचं घड्याळ आमच्या पुढे आहे. म्हणजे प्रवास अठरा तासांचा. झुंबरनं पुन्हा भागलं, आता ताशी सातशे अडुसष्ट आले आणि तो म्हणाला की हा हिशेब बसतो. तो खूश झाला. मला घाम फुटला.

तुला हे माहीत होतं. मी साडेअकरा तासांवर हो म्हणालो हेही तुला माहीत होतं. तू खोटं लिहिलं नाहीस, तिकिटावर छापलंय ते बरोबर आहे एवढंच लिहिलंस आणि साडेसहा तास पदराखाली झाकून ठेवलेस. लहानपणी तू प्रगतिपुस्तकातल्या गणितावर अंगठा ठेवून सही घ्यायचीस, अगदी तसं. मी रागावलो नाही. मला भीती वाटते. ज्या माणसानं एक गोष्ट झाकली त्यानं दुसरीही झाकलेली असते, हे गाडीवर फार पाहिलंय.

तेव्हा आता खरं लिही. तब्येत कशी आहे? पाय सुजतात का? डॉक्टरीणबाई काय म्हणतात?

उत्तराची वाट पाहतो. आशीर्वादाला काटछाट नाही.

नाना

---

ऑकलंड
२६ जुलै २०२५

ती. नानांना देवव्रतचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राला तीन आठवडे उत्तर गेलं नाही, कारण यशश्री रोज लिहायला बसते आणि कागद फाडते. आज ती कामावर गेली असताना मी लिहितोय.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो. पाय सुजतात. रक्तदाब दहा तारखेला वाढलेला निघाला, गेल्या मंगळवारी पुन्हा मोजला तर आणखी वाढला होता. डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या की विमानाचा विचार डोक्यातून काढा, आणि बाळ वेळेआधी बाहेर काढावं लागेल अशीही शक्यता आहे. बाहेर आल्यावर यशश्री मला म्हणाली की तीन आठवडे मीठ सोडलं की दाब उतरेल, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणीन. तिनं तशी वेळही घेतली आहे. मी बोललो तर म्हणते की मला माझ्या घरी जाऊ दे, तुला तुझी आई आहे.

नाना, हे बाळंतपण तुम्हाला किती हवं आहे ते मला माहीत आहे. खोली पांढरी केल्याचं तिनं मला वाचून दाखवलं होतं. तरी तुम्हालाच विनंती करतोय. तुम्ही या म्हणालात तर ती येईल. तुम्ही नको म्हणालात तर कदाचित थांबेल. माझ्या नको म्हणण्याला इथे वजन नाही.

झेरॉक्सवाले हे वाचतील, पण इलाज नाही. लहान म्हणून पदरात घ्यावे.

आपला,
देवव्रत

---

॥ श्री ॥

नाशिक
२८ जुलै २०२५

चि. यशश्रीस,

मला कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नकोस, आणि ज्यानं सांगितलं त्याच्याशी अबोला धरू नकोस. तो माणूस तुझ्यासाठी भीत भीत लिहितो, म्हणजे चांगला आहे.

तू लिहिलंस की नानांनी जन्मभर वेळ सांगितली नाही. तुझी आईही हसायची. तिलाही मी कारण सांगितलं नव्हतं. तुला सांगतो.

ब्याण्णव सालच्या ऑगस्टातली गोष्ट. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. पेठहून सकाळची नाशिक गाडी काढत होतो. एक सासू आपल्या सुनेला घेऊन स्टँडवर आली. सून वीस-एकवीस वर्षांची, नवसाबाई नाव, दिवस भरत आलेले आणि कंबर धरून उभी. सुरगाण्याकडच्या पाड्यावरून पहाटे चालत निघाल्या होत्या. पेठचा सरकारी दवाखाना स्टँडपासून दहा मिनिटांवर. सासूनं तिथे जावं की नाशिकला मोठ्या दवाखान्यात न्यावं हे ठरेना. तिनं ड्रायव्हरच्या दारापाशी येऊन मला विचारलं की नाशिकला किती वेळात पोचवाल. मी काच खाली करून सांगितलं की दीड तास, बसा बिनघोर. माझा रोजचा रस्ता होता. दीड तासाला एक मिनिट वर जात नसे.

सासू म्हणाली की ड्रायव्हर दादा सांगतात म्हणजे पोचू, आणि त्या बसल्या.

सावळघाटात दरड उतरलेली होती. पुढे जाता येईना आणि मागेही गाड्या लागलेल्या. साडेचार तास आम्ही तिथे होतो. झुंबरनं सगळी माणसं खाली उतरवली आणि बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला. मी बोनेटवर बसून होतो. मूल झालं. मी रडणं ऐकायची वाट पाहत होतो. तेव्हा माझे दोन्ही कान चांगले होते.

नवसाबाई वाचली. जाताना सासू मला काही बोलली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. डेपोत चौकशी झाली, त्यात दरड लिहिली आणि माझी चूक नाही असं लिहिलं. पण मला माहीत होतं की मी पंचावन्न किलोमीटर म्हणालो असतो तर ती बाई दहा मिनिटांवरच्या दवाखान्यात गेली असती. अंतर आपल्याला ठाऊक असतं म्हणून ते सांगावं. वेळ रस्त्याच्या हातात असते आणि मी ती माझी असल्यासारखी देऊन टाकली.

त्या दिवसापासून कुणाला वेळ सांगितली नाही. आणि आता तू मला साडेअकरा तास सांगतेस, मीही ते ऐकून बिनघोर बसतो, खोली पांढरी करतो.

बारा हजार तीनशे किलोमीटर, त्यातलं बरंचसं पाण्यावरून. तिथे गाडी बाजूला घेता येत नाही. आडोसा धरायला तुझी आई नाही. तुझ्या घरापासून दवाखाना किती लांब आहे, ते देवव्रतरावांनी मागे सांगितलं होतं, सहा किलोमीटर. तू तिथेच थांब.

यशश्री, तू येऊ नकोस. माहेरच्या माणसानं असं लिहू नये. लिहितोय.

नाना

---

ऑकलंड
२ ऑगस्ट २०२५

ती. नानांना नमस्कार.

तिकीट रद्द केलं. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले नाही. मीठ सोडलंय आणि डाव्या कुशीवर झोपते. रक्तदाब आहे तसाच आहे. काही झाकलेलं नाही, देवव्रतनं खाली सही केली आहे, पाहून घ्या.

नवसाबाईंचं मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही. आईला तरी सांगायचं होतंत. तिनं तुम्हाला भाताचे टोमणे मारले नसते.

तुमचं बरोबर आहे, म्हणून जास्त रडू येतं. गोधडी परत पेटीत ठेवून द्या, उन्हात रंग जाईल. भागुबाईंना सांगा की दुसरं काम घ्या.

आज जास्त लिहवत नाही. माया कमी झाली असं समजू नका, दमलेय एवढंच.

यशश्री
देवव्रत

---

॥ श्री ॥

नाशिक
६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. यशश्री हिला अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

महिनाभर मी फक्त खुशाली कळवत होतो, कारण होईल की नाही याची खात्री नव्हती. आता कागद हातात आहे म्हणून लिहितो.

तुझ्या आईनं पाच वर्षांमागे मला ओढत नेऊन आम्हा दोघांचे पासपोर्ट काढले होते. तिला तुझं घर पाहायचं होतं. मी म्हणायचो की ज्या गाडीचा ड्रायव्हर दिसत नाही त्या गाडीत मी बसत नाही. ती म्हणायची की मग मी एकटी जाईन आणि तुम्हाला किलोमीटर कळवीन. दोन्ही पासपोर्ट पेटीत गोधडीच्या खालीच होते. गोधडी ठेवायला गेलो आणि ते हाताला लागले. त्याच दिवशी जावईबापूंना लिहिलं. त्यांनी तिकडून कागद पाठवले, झेरॉक्सवाल्यानं अर्ज भरला, झुंबर साक्षीदारासारखा शेजारी बसून होता. परवा व्हिसा आला. हे सगळं जावईबापूंनी तुझ्यापासून झाकलं ते माझ्या सांगण्यावरून. घरात झाकाझाकी कुठून आली ते तुला आता कळलं असेल.

भागुबाईला दुसरं काम घे म्हणालो तर ती रागावली. म्हणाली की आगाऊ नारळ घेतलाय, काम सोडणार नाही. मग तिनं मलाच शिकवायला घेतलं. उशीला दोरी बांधून त्याचं बाळ केलं आणि पायांवर घेऊन तेल कसं लावायचं, मान कशी धरायची, पाणी किती कोमट, सगळं आठ दिवस करून घेतलं. पहिल्या दिवशी मी उशी दोनदा पाडली. ती म्हणाली की स्टिअरिंगसारखं धरू नका, ते वळत नाही. आता पडत नाही. तुझ्या डोक्याला तेलही मीच लावणार. आईसारखा हात नाही माझा, पण बसशील.

सामानात गोधडी, भागुबाईचे अळीव आणि बाळंतशोपा, आणि आईचा पाट. झुंबर म्हणाला की पाट विमानात कुणी नेतं का. मी म्हणालो की वजनात बसतो, मग नेणार.

भीती आहे. ती लपवत नाही. आता दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझा उजवा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मुंबईपर्यंत झुंबर सोबत येणार आहे, पुढे एकटा. सिंगापूरला काय करायचं ते जावईबापूंनी मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, तो कागद सदऱ्याच्या खिशात राहील.

तू विचारशील म्हणून आधीच लिहितो. बुधवारी दहा तारखेला रात्री साडेअकराला मुंबई सोडतो. सव्वासतरा तास लागतात. तुमच्या घड्याळानं गुरुवारी अकरा तारखेला रात्री सव्वाअकराला पोचतो.

ही वेळ मी लिहून दिली आहे. ती तीनदा खोडून पुन्हा लिहिली असं झेरॉक्सवाला सांगेल, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

तोवर डाव्या कुशीवर झोप. आशीर्वाद हातानं द्यायला येतो आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

तुझा,
नाना

---

॥ श्री ॥

ऑकलंड
२८ सप्टेंबर २०२५

मित्रवर्य झुंबर यास नानाचा रामराम, वि. वि.

झेरॉक्सवाल्याच्या फोनवर फोटो पाठवतोय, म्हणजे त्याला आधी सगळं कळेल, त्याच्याकडून ऐकून मग वाच. भागुबाईलाही वाचून दाखव.

तू विमानतळाच्या दारात हात हलवत होतास तिथपर्यंत मी बरा होतो. आत गेल्यावर जावईबापूंचा कागद दोनदा खिशातून काढून वाचला. बसायची जागा खिडकीपाशी मिळाली. विमान उठताना मी ब्रेक इतका दाबला की शेजारच्या मद्रासी बाईंनी मला पाणी दिलं. समोर एक लहान पडदा असतो. त्यावर विमान कुठे आहे ते दिसतं आणि खाली दोन आकडे येतात, किती किलोमीटर उरले आणि किती वेळ उरला. मी वेळेवर तळहात ठेवून फक्त किलोमीटर वाचत गेलो. हात दुखला की बदलायचो.

सिंगापूरला वादळी पावसानं विमानं थांबवलेली. दोन तास चाळीस मिनिटं आम्ही तिथेच. पोरीला मी सव्वाअकरा लिहून दिलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला सावळघाट दिसत होता, तुला सांगायला नको. कुणाला विचारायला गेलो तर ऐकू येईना. मग जावईबापूंच्या कागदाच्या पाठीमागे सिंगापूरहून ऑकलंड आठ हजार चारशे, असं तीन-चारदा लिहीत बसलो.

पोचलो तर बाहेर जावईबापू एकटेच. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. त्यांना माझे कान ठाऊक, त्यांनी आधीच मोठ्या कागदावर लिहून आणलं होतं आणि पाटी धरल्यासारखं छातीशी धरलं होतं. मुलगी झाली, दोघी ठीक, असं त्यावर होतं. यशश्रीचा रक्तदाब बुधवारीच फार चढला म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं आणि गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी पोट उघडून बाळ काढलं. मी तेव्हा समुद्रावर होतो. जावईबापूंनी खाली आणखी लिहिलं की बाहेर आल्या आल्या एवढी रडली की पलीकडच्या खोलीतली माणसं पाहायला आली. मी त्यांना ते पुन्हा लिहायला लावलं.

वजन दोन किलो शंभर. आठ दिवस काचेच्या पेटीत होती, आता घरी आहे. भागुबाईला सांग की आठव्यातली नाही, नववा लागून तीन दिवस झाले होते, तेव्हा तिचा नियम मोडलेला नाही. अळीव आणि शोपा मात्र इथल्या विमानतळावर काढून घेतले, बी म्हणून आत नेऊ देत नाहीत. पाट उलटापालटा करून पाहिला आणि सोडला. नाव वल्लरी ठेवायचं चाललंय. तेल रोज मी लावतो. मान बरोबर धरतो. पोरीच्या डोक्यालाही लावतो, ती त्या पाटावर डोळे मिटून बसते.

पोचलो त्या सकाळी दवाखान्यात गेलो तेव्हा यशश्रीनं मला पहिलं काय म्हटलं असेल? म्हणाली की नाना, दोन तास चाळीस मिनिटं उशीर. मी चूक झाली असं म्हणणार होतो, पण ती हसत होती आणि तिच्या कुशीत पोरीचा कपडा होता. मग मी खुर्ची ओढून बसलो. झुंबर, तेहतीस वर्षांनी मी वेळ सांगितली आणि ती चुकली, आणि कुणाचं काही गेलं नाही.

आणखी एक मजा. आज सकाळी इथल्या सगळ्या लोकांनी आपापली घड्याळं एक तास पुढे केली. उन्हाळ्यासाठी सरकारच करायला लावतं म्हणे. आपण लॉगशीटवर असं केलं असतं तर दोघंही घरी बसलो असतो.

संध्याकाळी पाय मोकळे करायला जातो. बाग आहे, तिथून समुद्र दिसतो. निघताना यशश्री विचारते की किती वाजता याल. पहिले चार दिवस मी दोन किलोमीटर म्हणालो. ती दारात उभी राहायची, पोटाला टाके असताना. म्हणून आता सांगतो, साडेपाचला येतो. काल बाकावर बसून राहिलो आणि पावणेसहा झाले. घाईघाईनं आलो तर ती वल्लरीला त्या गोधडीत घेऊन दारात होती. म्हणाली की पंधरा मिनिटं उशीर, चहा गार झाला, आणि आत जाऊन पुन्हा आधण ठेवलं.

कळावे. तुझ्या घरच्यांना आठवण सांग, आणि माझ्या वाट्याचा रविवारचा चहा झेरॉक्सवाल्याला पाजत जा.

तुझा ड्रायव्हर,
नाना

ता. क. : डिसेंबरच्या सात तारखेला रात्री साडेनऊला मुंबईत उतरतो. इकडेतिकडे झालं तर थांब.